डॉक्टर ऑस्वाल्ड एव्हरी यांचे अल्पचरित्र

सन २०२० व २०२१ ही दोन वर्षे आमच्या वाचकांपैकी कोणी विसरला असेल असे वाटत नाही. त्या काळी ज्या ज्या घरी ताप शिरला, त्या त्या घरी रक्ततपासणीचा कागद आला, आणि पुष्कळांच्या कागदावर इतर अनेक ओळींबरोबर ‘सीआरपी’ ही अक्षरे व त्यांपुढे एक आकडा छापलेला असे. आकडा चढला की घरातील वडीलधाऱ्यांची झोप उडे. उतरला की सर्वांच्या जिवात जीव येई. हा आकडा कशाचा, तो मुळात कोठून निघाला, तो काय सांगतो व काय सांगत नाही, हे विचारण्याची उसंत त्या दिवसांत कोणास नव्हती. आता ती आहे. म्हणून ज्यांच्या प्रयोगशाळेत ह्या द्रव्याचा पहिला मागमूस लागला, त्या डॉक्टर ऑस्वाल्ड थिओडोर एव्हरी यांचे चरित्र यंदाच्या अंकात विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत एव्हरी यांचे नाव दुसऱ्याच एका शोधासाठी येते, आणि तो शोध फार मोठा आहे हे खरे. त्याविषयीही पुढे लिहू. परंतु आमच्या घराघरांतून येऊन गेलेला शोध हा आहे, आणि त्याची हकीकत सहसा कोणी सांगत नाही.

एव्हरी यांचा जन्म ता. २१ ऑक्टोबर १८७७ रोजी कॅनडा देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स ह्या बंदराच्या शहरी झाला. त्यांचे वडील जोसेफ फ्रॅन्सिस एव्हरी हे बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. ते व त्यांची पत्नी एलिझाबेथ ही उभयता १८७३ साली इंग्लंड सोडून कॅनडात आली होती. तीन मुलांत ऑस्वाल्ड हा मधला. अर्नेस्ट थोरला व रॉय धाकटा. १८८७ साली वडिलांस न्यूयॉर्क शहरातील मरिनर्स टेंपल नावाच्या मिशनच्या मंदिराचे बोलावणे आले व सर्व कुटुंब तेथे राहावयास गेले. हे मंदिर शहराच्या अत्यंत दरिद्री भागात होते. धक्क्यावरचे खलाशी, आगबोटीतून नुकतेच उतरलेले परदेशी, दारूच्या आहारी गेलेले व निराश्रित, अशी त्या वस्तीतील माणसे. मंडळीत एक जर्मन वादक होता. त्याने अर्नेस्ट व ऑस्वाल्ड ह्या दोघांस कॉर्नेट हे तुतारीसारखे पितळी वाद्य शिकविले. रविवारी ही दोन मुले मंदिराच्या पायऱ्यांवर उभी राहून ते वाजवीत, हेतू हा की रस्त्याने जाणाऱ्याचे पाऊल थबकावे व तो आत यावा. ऑस्वाल्ड ह्या कलेत इतका निपुण झाला की त्यास संगीताच्या राष्ट्रीय विद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली.

१८९२ साली ह्या घरावर आघातामागून आघात झाले. थोरला अर्नेस्ट वारला, आणि त्याच वर्षी वडीलही गेले. ऑस्वाल्डचे वय त्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचे. आईने धीर सोडला नाही; तिने शहरातील बॅप्टिस्ट मिशनच्या कामात नोकरी धरली व दोघा मुलांचे शिक्षण चालू ठेविले. धाकट्या रॉयला ऑस्वाल्डने जणू आपले मूल मानून वाढविले. ह्या दोघा भावांचा स्नेह शेवटपर्यंत कसा टिकला, हे पुढे दिसून येईल.

१८९३ मध्ये ऑस्वाल्ड हॅमिल्टन गावच्या कोलगेट विद्यालयात दाखल झाला व पुढे तेथील विश्वविद्यालयातून १९०० साली पदवीधर झाला. ही बॅप्टिस्टांनी स्थापन केलेली संस्था. तेथे तो वाद्यवृंदाचा नायक होता, आणि त्याचा विशेष नावलौकिक होता तो वक्तृत्वाबद्दल. हॅरी इमर्सन फॉस्डिक, जे पुढे अमेरिकेतील अत्यंत प्रसिद्ध उपदेशक झाले, ते त्याचे सहाध्यायी. एका वक्तृत्वस्पर्धेत ह्या दोघांस पहिले बक्षीस विभागून मिळाले होते. भौतिक शास्त्रांकडे मात्र त्याने विद्यार्थिदशेत जेवढ्यास तेवढेच लक्ष दिले. पाळकाचा पुत्र, आवाज कमावलेला, वाणी ओघवती. त्या वेळी कोणीही हाच अंदाज केला असता की हा मुलगा वडिलांच्या व्यासपीठावर उभा राहणार. झाले ते अगदी वेगळे. ज्याने वयाच्या बाविसाव्या वर्षी वक्तृत्वाचे बक्षीस मिळविले, तो साठाव्या वर्षी सभेत बोलण्याचे नावही काढीत नसे. आमच्या शाळेतील जी मुले मॅट्रिकच्या आधीच आपले सर्व आयुष्य आखून ठेवितात, व जे पालक ते त्यांच्यासाठी आखून देतात, त्या दोघांनीही ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

पदवी मिळाल्यावर एव्हरी कोलंबिया विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले व १९०४ साली डॉक्टर झाले. तीनेक वर्षे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये रोग्यांवर उपचार केले. रोगी त्यांस आवडत, पण उपचार आवडेनात. कारण त्या काळी छातीच्या जुनाट विकारांपुढे वैद्याच्या हाती जवळजवळ काहीच नव्हते. खाटेपाशी बसावे, नाडी पाहावी, धीर द्यावा, आणि रोगी हळूहळू खंगत जाताना पाहत राहावे, एवढेच वैद्याचे काम उरे. हे त्यांच्याने सोसवेना. १९०७ साली त्यांनी रोग्यांचा व्यवसाय सोडून ब्रुकलिन येथील होगलंड प्रयोगशाळेत नोकरी पत्करली, व तेथे सूक्ष्मजंतूंचा अभ्यास आरंभिला. परिचारिका होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनींस ते तेथे शिकवीत. त्या वेळेपासून त्यांस ‘फेस’ हे नाव पडले. ‘प्रोफेसर’ ह्या शब्दाचाच हा लाडका अपभ्रंश, आणि पुढे चाळीस वर्षे लहानथोर त्यांस ह्याच नावाने ओळखीत.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने १९१० साली एक रुग्णालय उघडले होते. रोग्यांची शुश्रूषा व रोगांचे संशोधन एकाच छपराखाली व्हावे, हा त्याचा उद्देश. त्याचे प्रमुख डॉक्टर रुफस कोल यांनी न्यूमोनियाच्या संशोधनासाठी एव्हरींस निवडले व तसे पत्र लिहिले. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले, त्याचेही उत्तर नाही. अखेर कोल यांस स्वतः जावे लागले, तेव्हा कोठे हे गृहस्थ १९१३ साली रॉकफेलर रुग्णालयात रुजू झाले. पत्रोत्तराचा हा आळस अनुकरणीय आहे असे आम्ही म्हणत नाही.

त्या काळचा न्यूमोनिया कसा असे, हे आजच्या मुलांस कल्पनेनेच जाणले पाहिजे. धडधाकट माणसास एकाएकी थंडी वाजून ताप भरावयाचा, बरगडीत कळ यावयाची, थुंकी गंजाच्या रंगाची पडावयाची. पुढे सुमारे आठवडाभर रोगी जीवनमरणाच्या सीमेवर असे. मग एके दिवशी एकतर दरदरून घाम येऊन ताप झरकन उतरे, किंवा सर्व संपे. हा जो निर्णायक क्षण, त्याची सर्व घर वाट पाहत बसे. औषध नव्हते. घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेली लस होती. पण न्यूमोनियाच्या जंतूचे अनेक प्रकार असल्यामुळे एका प्रकारची लस दुसऱ्यावर चालत नसे. तेव्हा हे प्रकार एकमेकांपासून वेगळे कशामुळे, हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हता. रोग्यास कोणती लस टोचावी हे त्यावरून ठरत होते.

ह्या प्रश्नास एव्हरी यांनी आपल्या आयुष्याची पस्तीस वर्षे दिली. १९१७ साली त्यांनी व त्यांचे मित्र डोशे यांनी दाखविले की हा जंतू आपल्या अंगावरचा एक पदार्थ रोग्याच्या रक्तात व लघवीत सोडतो, व त्या पदार्थावरून जंतूचा प्रकार ओळखता येतो. हा पदार्थ म्हणजे जंतूच्या भोवतालचे कवच. १९२३ साली रसायनशास्त्रज्ञ हायडेलबर्गर यांच्या साहाय्याने असे सिद्ध झाले की हे कवच प्रथिनाचे नसून शर्करेच्या जातीचे आहे. साखर पांघरलेला जंतू! शरीराची प्रतिकारशक्ती केवळ प्रथिनांसच ओळखते असा त्या वेळच्या पंडितांचा दृढ समज होता, त्यामुळे कित्येकांनी ह्यावर विश्वास ठेविला नाही. एव्हरी व गोबेल यांनी तर १९३१ साली ही कवचाची शर्करा एका प्रथिनास जोडून सशांस टोचली व तिच्या योगाने सशांत प्रतिकार उत्पन्न करून दाखविला. ह्या युक्तीचे फळ आज आमच्या घरातील तान्ह्या बाळांस मिळत आहे. न्यूमोनियाच्या जंतूची जी लस भारत सरकार २०१७ पासून काही प्रांतांत व २०२१ पासून सर्व देशभर बालकांस देत आहे, ती शर्करा व प्रथिन यांच्या अशाच जोडणीची आहे. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० च्या डिसेंबरात जी लस बाहेर काढली, तीत जंतूच्या १० प्रकारांची कवचे अशी जोडलेली आहेत.

आता मुख्य विषयाकडे येऊ. १९३० च्या सुमारास एव्हरींच्या विभागात विल्यम टिलेट व टॉमस फ्रॅन्सिस हे दोघे तरुण डॉक्टर काम करीत होते. (ह्यांपैकी फ्रॅन्सिस हे पुढे पोलिओच्या लसीच्या प्रचंड परीक्षेचे प्रमुख झाले.) ते न्यूमोनियाच्या जंतूचे एकेक घटक वेगळे काढून, रोग्याच्या रक्ताचा त्यांपैकी कशाशी संबंध जुळतो हे पाहत होते. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहते, त्यास आपण रक्तरस म्हणू. काचनळीत रक्तरस घ्यावयाचा, त्यात जंतूचा घटक घालावयाचा, आणि तळाशी पांढरा साका जमतो की काय हे पाहावयाचे. साका जमला तर त्या घटकास पकडणारे काहीतरी रक्तात आहे असे समजावयाचे. ह्या घटकांपैकी एकास त्यांनी ‘सी’ हे अक्षर दिले होते. हा कवचाचा भाग नव्हे. तो कवचाच्या आतला, जंतूच्या अंगाचा, व सर्व प्रकारांत सारखाच असणारा होता.

अपेक्षा अशी की रोगी बरा होऊ लागला म्हणजे त्याच्या रक्तात जंतूविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, तेव्हा ‘सी’ विरुद्धही ती त्याच सुमारास दिसतील. कवचाच्या बाबतीत तसे झालेही. ‘सी’ च्या बाबतीत मात्र सर्व उलटे झाले. रोगी तापाने फणफणत असता नळीत साका भरपूर जमे. ताप उतरून रोगी उठून बसला की थोड्याच दिवसांत साका जमेनासा होई. निरोगी माणसाच्या रक्तात तो मुळीच दिसेना. बरे होण्याबरोबर जे नाहीसे होते, ते बरे करणारे प्रतिद्रव्य कसे असेल? त्याहून चमत्कारिक गोष्ट ही की न्यूमोनियाच्या जंतूशी काडीचा संबंध नसलेल्या काही रोग्यांच्या रक्तातही, उदाहरणार्थ सांध्यांच्या तापाने आजारी असलेल्यांच्या, हाच साका जमला. जंतू भलताच, आणि ओळख ‘सी’ ची!

असा उलटा निकाल हाती आला की बहुतेक माणसे नळी चांगली धुतली नसेल असे म्हणून पुढे जातात. वर्गात मुलेही असेच करतात, व आम्ही शिक्षकही कधी कधी करतो. ह्या दोघांनी तसे केले नाही. जे दिसले ते १९३० साली छापून प्रसिद्ध केले. त्या निबंधावर एव्हरींचे नाव नाही. ज्या कामास आपला हात लागला नाही त्यावर आपले नाव घालू नये, अशी त्यांची रीत होती, मग ते काम त्यांच्या खोलीत, त्यांच्या सल्ल्याने व त्यांच्या पंधरा वर्षांच्या श्रमांच्या पायावर का झालेले असेना.

हा धागा एव्हरींनी मात्र सोडला नाही. १९४१ साली त्यांनी स्वतः अॅबर्नथी व मॅक्लाउड ह्या सहकाऱ्यांबरोबर तो पुन्हा हाती घेतला. रक्तातील ते द्रव्य प्रथिन आहे, प्रतिद्रव्य नव्हे. ते कॅल्शियमच्या उपस्थितीतच ‘सी’ ला धरते. आणि रोगाच्या ऐन भराच्या काळात ते रक्तात प्रगट होते, ह्या तीन गोष्टी त्यांनी ठरविल्या. ‘सी’ शी क्रिया करणारे प्रथिन, म्हणजेच सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, आणि त्याचे आद्याक्षरांचे रूप सीआरपी. नावाचा अर्थ एवढाच. शिवाय त्यांनी हे प्रथिन शुद्ध करून सशांस टोचले; सशांच्या रक्तात त्याविरुद्ध जी प्रतिद्रव्ये तयार झाली, त्यांच्या साहाय्याने आता जंतूचा ‘सी’ घटक हाताशी नसताही कोणत्याही रोग्याच्या रक्तात हे प्रथिन ओळखता येऊ लागले. आज आमच्या गावच्या प्रयोगशाळेत जी तपासणी होते, तिचे मूळ येथे आहे. १९४७ साली त्यांचे दुसरे सहकारी मॅकार्टी यांनी ह्या प्रथिनाचे शुद्ध स्फटिक करून दाखविले, व लवकरच सांध्यांच्या तापाने आजारी मुलांच्या तपासणीसाठी ते उपयोगात आले. केसासारख्या बारीक नळीत साका किती उंच जमला हे पाहून त्यावर अधिकाची एक, दोन, तीन किंवा चार चिन्हे देत. त्या मुलांच्या हृदयाच्या झडपांस इजा होण्याची भीती असे, म्हणून त्यांस अंथरुणावरून केव्हा उठू द्यावे हे ठरविणे आईबापांस व डॉक्टरांस फार जड जाई. तेथे ही चिन्हे उपयोगी पडली.

एव्हरींच्या पश्चात ह्या प्रथिनाची जी माहिती झाली, ती थोडक्यात अशी. शरीरात कोठेही जंतू शिरला, जखम झाली वा पेशी मेल्या, म्हणजे त्या ठिकाणी दाह होतो, आणि तेथील पांढऱ्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. तो संदेश यकृतास पोचला की यकृत हे प्रथिन झपाट्याने तयार करू लागते. सहा तासांत ते रक्तात वाढलेले दिसते, सुमारे ४८ तासांत शिखरास पोचते. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तरसात ते बहुधा ३ मिलिग्रॅमहून कमी असते. जंतूंच्या तीव्र आजारात २०० ते ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही वर जाते. त्याचा एक रेणू म्हणजे पाच सारख्या पाकळ्यांचे कडे. हे कडे जंतूच्या व मृत पेशीच्या अंगावरील फॉस्फोकोलीन नावाच्या अंशास पकडते. ‘सी’ घटकातही तोच अंश असतो, आणि १९३० च्या नळीतील साक्याचे रहस्य हेच. अशी खूण एकदा बसली की रक्तातील दुसरी संहारक प्रथिने तेथे जमतात व भक्षक पेशी त्या जंतूस गिळतात. प्रतिद्रव्ये तयार होण्यास काही दिवस लागतात, कारण शरीरास शत्रूची नेमकी ओळख शिकावी लागते. हे प्रथिन काहीच शिकत नाही. ते उपजतच जाणते, म्हणून तेवढा वेळ ते खिंड लढविते.

आमच्या जुन्या गावगाड्यात रात्री गस्त घालणारा जागल्या असे. त्याची हाक ऐकून गाव जागा होई; पण चोर कोण, किती, व कोणाच्या घरी शिरले, हे त्या हाकेवरून कळत नसे. सीआरपीचे तसेच आहे. दाह आहे व तो केवढा आहे एवढे ते सांगते. तो फुप्फुसात आहे की सांध्यात, जंतूने झाला की पडून मार लागल्याने, हे सांगणे त्याच्या शक्तीबाहेर आहे. विषाणूंच्या कित्येक तापांत ते फारसे चढत नाही, काहींत चढते. लठ्ठपणा, धूम्रपान व गर्भारपण यांतही ते थोडे वाढलेले आढळते. त्याचा उपयोग मुख्यतः आजच्या आकड्याची कालच्या आकड्याशी तुलना करण्यात आहे, कारण रक्तातील त्याचा साठा सुमारे १९ तासांत निम्मा होतो. यकृताने ते करणे थांबविले की आकडा लगेच घसरू लागतो, व औषध लागू पडले असा अंदाज करता येतो. २०२१ साली कित्येक घरांत रोग्याचा चेहरा न पाहता, त्याचा श्वास न मोजता, केवळ ह्या आकड्यावर दिवसाचे सुखदुःख ठरविले गेले. भीतीच्या वेळी माणसास काहीतरी धरावयास हवे असते, म्हणून आम्ही कोणास दोष देत नाही. पण ज्यांच्या हातून हे प्रथिन पुढे आले, ते एव्हरी त्या आकड्यास त्याच्या मगदुराहून अधिक बोलू देणारे नव्हते. हृदयविकाराच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहिला. ज्यांचे सीआरपी नेहमीच किंचित चढलेले असते, त्यांस हृदयविकाराचा धोका अधिक असतो असे दिसून आले, तेव्हा हे प्रथिनच रोगाचे कारण असावे असा तर्क निघाला. पुढे आनुवंशिक परीक्षांवरून दिसले की ज्यांच्यात ते जन्मतःच थोडे अधिक तयार होते त्यांस हृदयविकार अधिक होतो असे नाही. हाक मारणाऱ्यासच चोर समजण्याचा हा प्रकार.

आता तो दुसरा शोध. १९२८ साली लंडनच्या ग्रिफिथ नामक डॉक्टरांनी एक अजब प्रयोग प्रसिद्ध केला होता. कवच गमावलेले न्यूमोनियाचे निरुपद्रवी जंतू, व कवच असलेले पण उष्णतेने मारून टाकलेले जंतू, हे दोन्ही एकत्र करून उंदरास टोचले, तर उंदीर मरे व त्याच्या रक्तात कवचधारी जिवंत जंतू सापडत. मेलेल्यांपासून जिवंतांनी कवच घडविण्याची विद्या उचलली होती, व ती पुढच्या पिढ्यांसही देत होते. एव्हरींस हे प्रथम खरे वाटले नाही. जंतूंचे प्रकार कायमचे असतात ह्या मतावर त्यांचे अर्धे आयुष्य उभारलेले होते. परंतु त्यांच्याच प्रयोगशाळेत तो प्रयोग पडताळून पाहता खरा ठरला, तेव्हा त्यांनी आपले मत बाजूस ठेविले. त्याच सुमारास गळ्यातील ग्रंथीच्या विकाराने ते आजारी पडले व शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्यानंतर मॅक्लाउड व मॅकार्टी यांच्यासह कित्येक वर्षे झटून, त्या मृत जंतूंच्या अर्कातून एकेक पदार्थ काढून टाकीत, अखेर ज्यात ही विद्या राहते तो पदार्थ त्यांनी हाती घेतला. तो प्रथिन नव्हता, शर्कराही नव्हता. तो डीएनए होता. १ फेब्रुवारी १९४४ रोजी हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा एव्हरी ६६ वर्षांचे होते. आईबापांचे गुण मुलांत ज्या द्रव्यातून उतरतात त्याचा हा पहिला पुरावा; परंतु निबंधाची भाषा इतकी सावध की घाईने वाचणारास त्यात काही विशेष आहे असे वाटू नये. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात बंधू रॉयला त्यांनी जे लांबलचक पत्र लिहिले, त्यात मात्र ह्या गोष्टीचा अर्थ केवढा आहे हे त्यांस पुरते समजले होते असे दिसते. पत्रोत्तराचा आळस असणारा हा मनुष्य आपल्या भावाला पाने भरभरून लिहीत होता!

खुद्द रॉकफेलर संस्थेतील मर्स्की ह्या विद्वानांनी शंका काढली की शुद्ध डीएनएत प्रथिनाचा लेश राहिला असेल व तोच खरा कर्ता असेल. ह्या शंकेमुळे कित्येकांनी पुढे अनेक वर्षे निकाल राखून ठेविला. नोबेल पारितोषिकासाठी एव्हरींची शिफारस अनेक वेळा झाली. ते त्यांस मिळाले नाही. सावधपणामुळे त्यांचे नुकसान झाले असे कित्येक म्हणतात. आम्हांस वाटते की हे अर्धे खरे आहे. गाजावाजा न करण्याची किंमत त्यांनी मोजली हे कबूल. पण जो मनुष्य १९३० साली उलट्या निकालास उलटा म्हणून फेकून देत नाही व १९४४ साली सुलट्या निकालाचा डंका पिटीत नाही, तो एकच मनुष्य आहे. त्याचा एक गुण घेऊन दुसरा नाकारता येत नाही. व्यासपीठापासून इतके दूर राहणे मात्र आम्हांस अती वाटते. आपले काम चार माणसांपुढे उभे राहून समजावून सांगणे हाही सत्याच्या सेवेचाच भाग आहे, आणि त्यासाठी लागणारी वाणी तर त्यांजपाशी तरुणपणीच होती.

एव्हरी अंगाने अगदी किरकोळ होते. लहानसे शरीर, त्यावर मोठे डोके व तेजस्वी डोळे. त्यांनी लग्न केले नाही. पुष्कळ वर्षे ते व डोशे एकाच बिऱ्हाडी राहिले. सभा, मेजवान्या, प्रवास यांचा त्यांस कंटाळा. उन्हाळ्यात मेन प्रांतातील डियर आयल ह्या बेटावर जाऊन होडी हाकावी व जलरंगांनी चित्रे काढावी, एवढीच चैन. प्रयोगशाळेत नवा तरुण आला की ते त्यास समोर बसवून आपल्या विषयाची एकेक कथा रंगवून सांगत. ह्या कथा ठरलेल्या असल्यामुळे जुनी शिष्यमंडळी थट्टेने त्यांस ग्रामोफोनच्या तबकड्या म्हणत. १९४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले कोप्ली पदक त्यांस दिले. हे ते घ्यावयास जातील तर ना! शेवटी सर हेन्री डेल यांनीच न्यूयॉर्कला येऊन ते त्यांच्या हाती दिले.

१९४८ साली त्यांनी प्रयोगशाळा सोडली व टेनेसी प्रांतातील नॅशव्हिल येथे बंधू रॉय यांच्याजवळ राहावयास गेले. रॉयही जंतुशास्त्रज्ञच झाले होते व तेथील व्हँडरबिल्ट विश्वविद्यालयात शिकवीत. १८९२ साली जे दोन मुलगे आईजवळ उरले होते, ते आता वृद्ध होऊन पुन्हा शेजारी आले. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची रचना उलगडली, ती वार्ता एव्हरींच्या हयातीतच जगास कळली. ता. २० फेब्रुवारी १९५५ रोजी यकृताच्या कर्करोगाने नॅशव्हिल येथे त्यांस मृत्यू आला. वय ७७ वर्षांचे होते. १९६५ साली रॉकफेलर विश्वविद्यालयाने आपल्या आवाराच्या एका प्रवेशद्वारास त्यांचे नाव दिले.